दमा की गिळण्यातला दोष? पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मूल सारखं खोकतं, छाती वाजते, पंप सुरू होतो, पण महिने उलटले तरी फरक पडत नाही. अशा काही मुलांमध्ये मूळ दोष गिळण्यात असतो आणि तो जेवणाच्या ताटाशी किंवा दुधाच्या बाटलीशी दिसतो, दवाखान्यात दिसत नाही. पालक पुन्हा पुन्हा पाठवतात ते प्रश्न इथे एकत्र केले आहेत. दम्याचं औषध स्वतःहून बंद करायच्या विचारात असाल तर आधी प्रश्न ३ आणि १५ वाचा.

१. खोकला छातीतला. त्याचा गिळण्याशी काय संबंध?

घशापर्यंत हवेची आणि अन्नाची वाट एकच असते. तिथून पुढच्या बाजूला श्वासनलिका आणि मागच्या बाजूला अन्ननलिका सुरू होते. गिळताना श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर उचललं जातं, त्यावरची झडप झुकते आणि स्वरतंतू घट्ट मिटतात. यातलं काही उशिरा किंवा अर्धवट झालं की दूध, पाणी किंवा लाळ स्वरतंतूंच्या खाली उतरते. याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात. थोडं थोडं रोज उतरत राहिलं की श्वासनलिकांना सूज येते, चिकट स्राव साचतो, नळ्या आकसतात. मग स्टेथोस्कोपमधून येणारी घरघर दम्यासारखीच वाटते.

चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ गर्भातल्या साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांमध्ये ही अडचण जास्त दिसते. काही मुलांत दोष आणखी खाली, अन्ननलिकेत असतो (प्रश्न १२).

२. घरच्या घरी फरक कसा ओळखायचा?

खोकला कधी येतो ते पाहा. दम्याचा खोकला बहुधा कोरडा असतो. तो रात्री किंवा पहाटे वाढतो, धावल्यावर, धुळीत, हवा बदलली की किंवा सर्दीनंतर उसळतो. मधले काही दिवस मूल पूर्ण ठणठणीत असतं. घरात कुणाला दमा, त्वचेची अ‍ॅलर्जी किंवा सतत शिंकांचा त्रास असतो.

गिळण्यातल्या दोषाची वेळ जेवणाशी जुळते. दूध पिताना किंवा प्यायल्यावर काही मिनिटांत खोकला येतो. पाणी, दूध, ताक अशा पातळ पदार्थांनी ठसका लागतो, पण मऊ भात किंवा केळं नीट जातं. पिऊन झाल्यावर आवाज ओला, पाण्यातून आल्यासारखा येतो. पिताना डोळे पाणावतात, पापण्यांभोवती लाली येते, बाळ मध्येच स्तन सोडून धापा टाकतं. एका फीडला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागतो. वजन वाढत नाही. खोकला कोरडा नसून कफाचा असतो आणि दोन आजारपणांच्या मधल्या दिवसांतही पुरता थांबत नाही.

जन्मापासून किंवा पहिल्या काही आठवड्यांपासून सुरू झालेली घरघर, पुन्हा पुन्हा होणारा न्यूमोनिया, बोटांची टोकं फुगणं, यांपैकी काहीही असेल तर ‘बालदमा’ एवढ्यावर थांबू नका. आपल्याकडे अशा मुलाची क्षयरोगासाठीही तपासणी व्हायलाच हवी.

३. नेब्युलायझरची वाफ दिली की थोडं बरं वाटतं. म्हणजे दमाच ना?

तेवढ्यावरून ठरत नाही. अन्नाच्या अंशाने चिडलेल्या श्वासनलिकाही आकसतात. साल्ब्युटामॉलने त्या काही वेळ मोकळ्या होतात आणि स्टेरॉइडने सूज उतरते. निदान चुकण्याचं सर्वांत मोठं कारण हेच. मूल आठवडाभर बरं राहतं आणि मूळ कारण जागच्या जागी राहतं.

उलट बाजूही लक्षात घ्या. ‘पंपाचा उपयोग होत नाही’ असं म्हणण्याआधी पंप नीट दिला जातोय का ते तपासा. स्पेसर (पंप आणि मास्क यांच्या मधली नळी) आहे का? मास्क नाका-तोंडावर घट्ट बसतो का? रडणाऱ्या मुलाच्या चेहऱ्यापासून बोटभर दूर धरलेल्या मास्कमधून फुप्फुसात जवळजवळ काहीच पोहोचत नाही. पाच वर्षांखालच्या मुलात कमी मात्रेचं स्टेरॉइड योग्य पद्धतीने दोन-तीन महिने देऊनही फरक पडला नाही, तर निदानाचा फेरविचार करायचा असतो. पाच-सहा वर्षांपुढचं मूल स्पायरोमेट्री (जोरात फुंकून श्वास मोजण्याची तपासणी) करू शकतं. पंपानंतर फुंकर १२ टक्क्यांहून जास्त सुधारली तर दम्याला बळकट आधार मिळतो.

४. आमच्या बाळाला ठसका लागतच नाही. मग अन्न श्वासनलिकेत जात नाही असं समजायचं का?

नाही. लहान बाळांत आणि मेंदू-मज्जातंतूंचा आजार असलेल्या मुलांत अन्न खाली उतरतं तरी खोकला उठत नाही, आणि असं होणं मुळीच दुर्मीळ नाही. पुन्हा पुन्हा खरचटलेल्या स्वरयंत्राची संवेदना बोथट होते, हे त्याचं एक कारण. ‘आधी ठसका लागायचा, आता लागत नाही’ हे सुधारणेचं लक्षण असेलच असं नाही. ठसका नसताना ओला आवाज, पिताना श्वासाचा वेग वाढणं, ओठांचा रंग बदलणं, कारण न सापडणारा ताप आणि कफ यांवर नजर ठेवा. याची खात्री प्रश्न ६ मधल्या तपासण्यांनीच होते.

५. डॉक्टरांकडे जाताना काय घेऊन जायचं?

मोबाइलवर घेतलेलं चित्रीकरण. तपासणीच्या खोलीत मूल खात नाही, म्हणून पालकांनी घेतलेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ अनेकदा निदानाची दिशा बदलतात. मान, छाती आणि चेहरा दिसेल असा उजेड ठेवा आणि आवाज बंद करू नका. एक व्हिडिओ पिण्याच्या सुरुवातीचा आणि एक शेवटचा घ्या, कारण काही बाळं दमल्यावरच चुकीचं गिळतात.

सोबत एका आठवड्याची वही: काय दिलं, कशातून दिलं, किती वेळ लागला, खोकला पिताना आला की नंतर. आधीचे सगळे एक्स-रे न्या, फक्त रिपोर्ट नकोत. न्यूमोनिया दर वेळी एकाच जागी होतोय का, हे फिल्म शेजारी शेजारी ठेवल्यावरच कळतं. झोपून दूध पिणाऱ्या बाळात अंश बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात मागच्या बाजूला साचतो, विशेषतः उजवीकडे.

६. ‘गिळण्याची तपासणी’ म्हणजे नेमकी कोणती? बेरियम तर झालं आहे.

इथे बराच गोंधळ होतो. साध्या बेरियम तपासणीत अन्ननलिकेचा आणि जठराचा आकार दिसतो. गिळण्याच्या त्या एका सेकंदात घशात काय घडतं, हे पाहण्यासाठी वेगळी तपासणी आहे: व्हिडिओफ्लुरोस्कोपी. मूल नेहमीसारखं बसतं, बेरियम मिसळलेले पातळ आणि घट्ट पदार्थ एकेक करून दिले जातात आणि बाजूने एक्स-रेचा व्हिडिओ घेतात. किरणोत्सर्ग काही मिनिटांचाच असतो. रेडिओलॉजिस्ट आणि गिळण्याचं प्रशिक्षण घेतलेले स्पीच थेरपिस्ट दोघं हजर असतील तरच तिचा पूर्ण फायदा होतो. केंद्र निवडताना हाच प्रश्न विचारा.

दुसरी तपासणी नाकातून बारीक दुर्बीण घालून करतात, तिला फीस म्हणतात. तिच्यात किरणोत्सर्ग नाही, बाळ अंगावर पीत असतानाही करता येते आणि लाळ साचते का ते दिसतं. पण गिळण्याच्या ऐन क्षणी घसा आकसून दुर्बिणीसमोर पांढरं होतं, तो क्षण हुकतो. म्हणून कधी कधी दोन्ही कराव्या लागतात.

७. तपासणीच्या दिवशी मुलाला उपाशी न्यायचं का?

भुकेलं न्यायचं, उपासमार करून नाही. साधारण एक फीड मागे ठेवतात; नेमकी वेळ केंद्राला विचारा. नेहमीची बाटली, तेच बूच, तोच चमचा-वाटी, आणि ज्या पदार्थाने त्रास होतो तो पदार्थ घरून न्या. पातळ वरण, मऊ भात, बिस्कीट असं वेगवेगळ्या पोताचं काहीतरी हवं. पेंगुळलेल्या किंवा आक्रस्ताळ्या मुलाची तपासणी वाया जाते, म्हणून झोपेची वेळ टाळून मागा. तपासणीनंतर एक-दोन दिवस शी पांढरट होते, घाबरू नका.

८. व्हिडिओ तपासणी नॉर्मल आली. विषय संपला?

काही मिनिटांत जे घडलं तेवढंच त्यात दिसतं. खूण पक्की असेल तर तीन गोष्टी शोधाव्या लागतात.

स्वरयंत्राच्या मागच्या भिंतीतली जन्मजात फट हा पहिला दोष. तिचा सर्वांत सौम्य प्रकार नुसत्या दुर्बिणीतून पाहिला तर हुकतो. भूल देऊन, मागचे दोन उंचवटे सळईने बाजूला सारून पाहावं लागतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांना ‘फट चाचपून पाहिली का’ असं सरळ विचारा.

दुसरा, श्वासनलिका आणि अन्ननलिका यांना जोडणारा तिरका बारीक मार्ग, ज्याला एच-प्रकारचा फिस्टुला म्हणतात. अन्ननलिका सलग असल्याने जन्मतः लक्षात येत नाही. पिताना ठसका, हवेने फुगलेलं पोट आणि परत परत न्यूमोनिया ही त्याची तीन लक्षणं. त्यासाठी अन्ननलिकेत नळी घालून ती हळूहळू मागे ओढत एक्स-रेवर दिसणारं औषध दाबाने सोडतात.

तिसरा दोष म्हणजे हृदयाजवळच्या मोठ्या रक्तवाहिनीचं कडं. ते दोन्ही नळ्यांना आवळतं. श्वास आत घेताना आणि सोडतानाही आवाज येतो, बाळ मान मागे टाकून झोपतं आणि सहाव्या महिन्यानंतर घट्ट अन्न सुरू झालं की त्रास वाढतो. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) ते कधी कधी सुटतं. सीटी अँजिओग्राफीत स्पष्ट दिसतं.

९. आजी बाळाच्या नाकात तेलाचे थेंब घालतात. त्याने काही होतं का?

होतं, आणि हे आम्ही शक्य तितक्या स्पष्टपणे सांगतो: नाकात, घशात तेल किंवा तूप घालू नका. पाणी श्वासनलिकेत गेलं तर बाळ खोकतं. तेल मात्र खोकला न उठवता खाली उतरतं आणि तिथून बाहेर निघत नाही. त्यातून तेलाचा न्यूमोनिया होतो. एक्स-रेवर डाग, महिनोन्महिने खोकला, आणि अँटिबायोटिकचा काही उपयोग नाही. सीटी स्कॅनमध्ये चरबीची छटा दिसते, तेव्हा घरात विचारणा होते.

टाळूवर तेल लावायला, अंगाला मालिश करायला काहीच हरकत नाही. आजींना तेवढं करू द्या. पण पायांवर आडवं घेऊन, नाक दाबून बाळगुटी किंवा एरंडेल पाजणं तितकंच धोक्याचं आहे. रडणारं बाळ श्वास आत ओढतं त्याच क्षणी तोंडात ओतलेलं सरळ खाली जातं. डॉक्टरांनी दिलेलं औषधसुद्धा गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं, बाळ उभं धरूनच द्यायचं.

१०. ‘दूध घट्ट करून द्या’ असं सांगितलं. किती घट्ट?

अंदाजाने नको. जगभर आयडीडीएसआय नावाची ० ते ७ पातळ्यांची मोजपट्टी वापरतात आणि पातळ पदार्थांसाठी तिची चाचणी घरी करता येते. १० मिलीची साधी सिरिंज घ्या, जिच्यावर ० ते १० पर्यंतचं अंतर ६१.५ मिलिमीटर आहे. दट्ट्या काढा, तोंड बोटाने बंद करा, १० मिली भरा, बोट सोडा आणि बरोबर १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत १ मिलीहून कमी उरलं तर पातळी ०, म्हणजे पाण्यासारखं. १ ते ४ मिली उरलं तर पातळी १, ४ ते ८ उरलं तर पातळी २, ८ हून जास्त उरलं तर पातळी ३. काहीच वाहिलं नाही तर पातळी ४. तुमच्या मुलाला कोणती पातळी ते तपासणीवरून थेरपिस्ट ठरवतात. गरजेपेक्षा घट्ट दिलं तर मूल कमी पितं, लघवी कमी होते, शी कडक होते.

घरात बहुतेक जण तांदळाची पेज किंवा नाचणीसत्त्व वापरतात. यात तीन चुका नेहमी होतात. गरम असताना मोजतात, पण गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. म्हणून ज्या तापमानाला पाजायचं त्याच तापमानाला मोजा. उष्टा चमचा वाटीत बुडवतात आणि लाळेतल्या अमायलेजमुळे (पीठ पचवणाऱ्या रसामुळे) पिठूळ पेज दहा-पंधरा मिनिटांत पातळ होते. म्हणून थोडं थोडं वेगळ्या वाटीत काढा. आणि घट्ट दूध येत नाही म्हणून बुचाचं भोक ब्लेडने मोठं करतात. मग कधी धार लागते, कधी थेंब अडतो, आणि घट्ट करण्याचा हेतूच उरत नाही. जास्त प्रवाहाचं तयार बूच घ्या.

झँथन गमच्या तयार पावडरी अकाली जन्मलेल्या बाळांना देऊ नका. आतड्याच्या गंभीर आजाराच्या धोक्यामुळे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये तसा इशारा दिला होता. एक वर्षाखालच्या कोणत्याही बाळाला काहीही घट्टावणारं देण्याआधी बालरोगतज्ज्ञांना विचारा.

११. अंगावरचं दूध पेज घालूनही घट्ट राहत नाही. आमचं काय चुकतंय?

काही चुकत नाही. आईच्या दुधातही अमायलेज असतं आणि ते पिठूळ पदार्थ पचवून टाकतं. म्हणून पेज किंवा सत्त्व घालून आईचं दूध घट्ट टिकत नाही. अशा वेळी आधी पाजण्याची पद्धत बदलून पाहतात. बाळाला कुशीवर, डोकं पायांपेक्षा उंच ठेवून पाजा. दर तीन-चार घोटांनंतर स्तन किंवा बाटली काढून श्वासाला वेळ द्या. दूध जोरात येत असेल तर आधी थोडं हाताने काढून मग बाळ लावा. बाटली असेल तर सर्वांत मंद प्रवाहाचं बूच वापरा. बोंडल्याने पाजत असाल तर टोक ओठावर टेकवा आणि बाळाला स्वतः ओढू द्या, आत ओतू नका. इथेही उतरत राहिलं तर नळीने दूध देण्याचा विचार काही काळ करावा लागतो. त्याने स्तनपान कायमचं सुटतं असं नाही.

१२. मुलगी नऊ वर्षांची आहे. दमा आहेच, पण डबा संपवायला तिला सगळ्यांत जास्त वेळ लागतो. हे नखरे आहेत का?

नखरे समजू नका. प्रत्येक घासाला पाणी, खूप वेळ चावणं, भाकरी-चिकन टाळून फक्त वरण-भात मागणं, ‘इथे अडकतं’ म्हणून छातीवर बोट ठेवणं: ही अन्ननलिकेच्या अ‍ॅलर्जिक सुजेची, म्हणजे इओसिनोफिलिक इसोफॅजायटिसची लक्षणं असू शकतात. दमा आणि अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांत ती जास्त आढळते. दुर्बिणीतून अन्ननलिका कधी अगदी निरोगी दिसते, म्हणून वेगवेगळ्या उंचीवरून तुकडे घ्यावेच लागतात. सूक्ष्मदर्शकाच्या एका क्षेत्रात १५ किंवा जास्त इओसिनोफिल पेशी दिसल्या की निदानाला आधार मिळतो. दम्याच्याच पंपातलं स्टेरॉइड इथे न ओढता गिळायला देतात आणि पुढे अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं. एकाच औषधाच्या दोन पद्धती घरात चालू असल्या की अदलाबदल होते. पंपांवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरी शक्यता अ‍ॅकॅलेझियाची. अन्ननलिकेचा खालचा दरवाजा सैल होत नाही आणि अन्न वर साचतं. रात्री आडवं झालं की खोकला येतो. सकाळी उशीवर आदल्या रात्रीच्या भाताची शितं दिसतात, आणि त्यांना आंबट वास नसतो, कारण ती जठरापर्यंत पोहोचलेलीच नसतात. वजन उतरतं. इथे साधी बेरियम तपासणी आणि मॅनोमेट्री (अन्ननलिकेतला दाब मोजण्याची तपासणी) उपयोगी पडते. उपचार बहुधा शस्त्रक्रियेने किंवा दुर्बिणीतून होतात.

१३. काल खेळता खेळता ठसका लागला आणि आजपासून छाती वाजते. पंप देऊ का?

आजच रुग्णालयात न्या. शेंगदाणा, फुटाणा, सीताफळाची बी श्वासनलिकेत अडकली की पहिला ठसका शमतो, मग एकाच बाजूला घरघर राहते. शेंगदाणा एक्स-रेवर दिसत नाही. एक्स-रे पूर्ण नॉर्मलही येऊ शकतो. ठसक्याची आठवण पक्की असेल तर ब्रॉन्कोस्कोपी करून, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून पाहणंच योग्य. नाणं किंवा बटण सेल अन्ननलिकेत अडकूनही पुढच्या श्वासनलिकेवर दाब येतो आणि घरघर होते. बटण सेल दोन तासांत भाजतो, तिथे थांबायला वेळच नाही.

मूल गुदमरत असेल आणि आवाज निघत नसेल तर: एक वर्षाखालच्या बाळाला पालथं धरून पाठीवर ५ थाप, मग उताणं करून छातीवर ५ दाब. मोठ्या मुलाला पाठीवर ५ थाप, मग बेंबीच्या वर ५ झटके. वस्तू दिसत नसेल तर घशात बोट घालू नका, ती आणखी खाली जाते.

१४. अ‍ॅसिडिटीचं औषध सुरू केलं तर खोकला थांबेल ना?

जठरातलं वर येतं आणि छातीत जळजळतं, अशी लक्षणं असतील तर उपयोग होऊ शकतो. लक्षणं नसताना ‘देऊन पाहू’ म्हणून नको. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत, दमा आटोक्यात नसलेल्या पण अ‍ॅसिडिटीची लक्षणं नसलेल्या मुलांना २४ आठवडे लॅन्सोप्राझोल दिलं. दमा सुधारला नाही, उलट श्वसनाचे संसर्ग वाढले. शिवाय ही औषधं आम्ल कमी करतात, वर येणं थांबवत नाहीत. आणि घशातून चुकीच्या वाटेने जाणाऱ्या दुधावर त्यांचा काहीच परिणाम नाही.

१५. गिळण्यातला दोष सापडला. आता दम्याचा पंप बंद करू का?

स्वतःहून नाही. दोन्ही आजार एकत्र असू शकतात, आणि बरेच दिवस चाललेलं स्टेरॉइड अचानक थांबवणं धोक्याचं आहे. आधी गिळण्यावर उपचार करून छाती काही आठवडे शांत राहते का ते पाहतात, मग डॉक्टर मात्रा एकेक पायरी उतरवतात. या काळात ओला खोकला चार आठवड्यांहून जास्त टिकला तर वेगळा जंतुसंसर्ग शोधावा लागतो.

१६. मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. त्याच्यासाठी वेगळं काही?

त्याच्या बाबतीत ‘दमा’ हा शब्द शेवटी यावा. प्रश्न ४ मधली गोष्ट, म्हणजे ठसक्याशिवाय अन्न खाली उतरणं, इथे सर्वांत जास्त लागू होते, आणि अन्नाइतकीच लाळही खाली उतरते. मान मागे पडली की श्वासनलिकेची वाट उघडी राहते, म्हणून भरवताना हनुवटी किंचित खाली, पाठ आणि तळपाय टेकलेले, भरवणारा समोर त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर. आडवं पाडून भरवू नका, जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा, दात रोज घासा. घाण तोंडातली लाळ फुप्फुसात जास्त बिघाड करते.

१७. आम्ही तालुक्याच्या गावी राहतो. कुठून सुरुवात करायची?

अंगणवाडी किंवा शाळेत येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगा. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झाला आणि १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. पथक मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवू शकतं. चिठ्ठीवर नुसतं ‘बालदमा’ नको. ‘पाजताना खोकला, वारंवार न्यूमोनिया, गिळण्याची तपासणी हवी’ असं लिहून घ्या.

मात्र छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील, मूल पिऊ शकत नसेल किंवा पेंगत असेल तर चिठ्ठीची वाट न पाहता १०८ ला फोन करा. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा: दोन महिन्यांखाली ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असतील तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.